चिन्नीच्या घरी काय झालं

अक्का, शेवटचा भाग आला. गुरुवारी सकाळीच आला. टीव्हीवर त्याचं छोटं चित्र दिसतंय, चिन्नी पाठमोरी उभी आहे आणि समोर नुसता उजेड. मी रोज संध्याकाळी टीव्ही लावते, त्या चित्राकडे बघते आणि बंद करते. तुमच्या भावाला वाटतं, बायकोला बातम्या बघायच्या असतात आणि बघवत नाहीत. वाटू दे. कोणाला काही समजावून सांगायचं म्हटलं की हल्ली जिवावर येतं.

थकलेय मी. तुमच्याजवळ हे सांगायला लाज नाही. शेवटच्या महिन्यांत तुम्हीच मला रोज म्हणायचात, आरशात तोंड बघून ये, माझ्या आधी तूच जाशील. तुम्ही गेल्यावर वाटलं होतं, चला, आता सलग झोपता येईल. झोप कुठली? माणसं येतात. त्यांची कॉफी, मग तो भांड्यांचा ढीग, मग पुन्हा माणसं. प्रत्येकाला एकच विचारायचं असतं, कसं झालं? मी सांगते. छातीत पाणी भरत होतं, सकाळची कॉफी अर्धी घेतली, लोटा खाली ठेवला आणि उशीवर मान कलंडली. इतक्यांदा सांगून झालंय की आता ते मला शेजारच्या कोणाच्या तरी घरात घडल्यासारखं वाटतं. आदल्या संध्याकाळी काय चाललं होतं, ते मात्र कोणी विचारत नाही. आदल्या संध्याकाळी चिन्नीला परतीची वाट सापडली होती, आणि तुम्ही पदराने चष्मा पुसत म्हणत होतात की हा भाग फार लवकर संपला.

ही सगळी करणी माझ्या लेकीची, अनघाची. कॅनडाला जाताना पोरीने कपाट रिकामं केलं, पण टीव्हीतलं तिचं खातं तसंच ठेवलं. अग्रहार भागातलं तुमचं फॉल-पिकोचं दुकान तेव्हा नुकतंच बंद झालं होतं. गुडघे शिलाई मशीनचं पायडल हलवू देत नव्हते. तुम्ही दिवसभर खिडकीत बसून रस्त्यावरच्या बायकांच्या साड्यांचे फॉल वरखाली झालेत का ते बघायचात. एकदा मी टीव्हीची धूळ पुसताना काहीतरी दाबलं गेलं आणि अनघा अर्धी बघून सोडून गेलेली ती जपानी मालिका सुरू झाली. मी बंद करणार तर तुम्ही म्हणालात, थांब, त्या पोरीच्या फ्रॉकच्या चुण्या बघू दे.

आपल्या दोघींचं वय बघता कोणाला सांगायची सोय नव्हती. शाळा सुटल्यावर वर्ग झाडायची पाळी असलेली पाच मुलं. त्यातली एक फळा पुसते, आणि पुसता पुसता भिंतच पुसली जाते. पलीकडे दुसरीच दुनिया. आकाशात दोन चंद्र, झाडं चालतात, नद्या डोंगरावर चढतात. या पाचांना ना तिथली भाषा येते, ना परतीची वाट ठाऊक. मुलं अगदी साधी. एकाला गणित जमत नाही, एकाला सारखी भूक लागते. त्यांची जपानी नावं तुमच्या तोंडात बसेनात, म्हणून तुम्ही पहिल्याच दिवशी बारसं उरकलंत. फळा पुसणारी ती चिन्नी, म्हणजे आपली सोनुली. चष्मेवाला तो मेष्ट्रु, कारण तो सगळ्यांना शिकवत सुटतो, मास्तरासारखा. उरलेल्या तिघांना तुम्ही नावं ठेवली नाहीत, नुसती नावं ठेवत राहिलात.

खाली इंग्रजी अक्षरं यायची. तुम्हाला इंग्रजी यायचं ते दुकानाच्या पाट्यांपुरतं, आणि मी जन्मभर पोरांना इंग्रजी शिकवलेली, तेव्हा वाचायचं काम माझ्या गळ्यात पडलं. एक ओळ आली की मी रिमोट दाबायचा, चित्र थांबवायचं, ओळ मराठीत सांगायची. तुम्ही मान डोलवून म्हणायचात, "मत्ते?" म्हणजे पुढे? की मी पुन्हा रिमोट दाबायचा. वीसेक मिनिटांच्या भागाला आपल्याला दिवेलागणीपासून कुकरच्या शिट्ट्यांपर्यंत वेळ लागायचा. तुमचे भाऊ आतून ओरडायचे की त्या कार्टूनला जरा श्वास घेऊ द्या. ते स्वतः कधी येऊन बसले नाहीत. म्हातारपणी चळलेल्या बायका, असं फोनवर कोणाला तरी म्हणाले होते. मी ऐकलं होतं, तुम्हाला सांगितलं नाही. तुम्हीही ऐकलं असणार आणि मला सांगितलं नसणार.

चुण्यांवरून तुमचं समाधान शेवटपर्यंत झालं नाही. एवढी रानं तुडवली, राक्षसांशी लढाया झाल्या, आगीतून बाहेर आली, तरी त्या पोरीच्या फ्रॉकची एक घडी मोडत नाही, कोणता कपडा आहे हा, मला एक वार तरी मिळू दे. मी म्हणायचे, चित्र आहे हो ते. तुम्ही नाक मुरडायचात.

पण खरं भांडण चुण्यांचं नव्हतं. खरं भांडण पहिल्याच आठवड्यात सुरू झालं आणि अजून मिटलेलं नाही. मुलं त्या दुनियेत पोहोचली, रडली, मग कोणी जादू शिकलं, कोणी तलवार. भाग संपला. तुम्ही विचारलंत, "आणि तिची अम्मा?" मी म्हटलं, कोणाची? "चिन्नीची ग. पोर शाळेतनं घरी आली नाही. अम्मा एल्ली? आई कुठं हाय, काय करते?" मी म्हटलं, ते दाखवलेलं नाही. मग तुम्ही म्हणालात, नसेल दाखवलं, तू सांग की, तू वाचतेस ना. आणि मी म्हटलं, अक्का, मी लिहिलंय तेवढंच वाचते. पदरचं घालणार नाही.

हा माझा हट्ट होता आणि मला तो अजूनही रास्त वाटतो. शाळेत मी मुलांना हेच शिकवत आले, धड्यात आहे ते सांगा, आपल्या मनचं नको. तुम्हाला ते पटलं नाही. प्रत्येक भागाच्या शेवटी तुमचा तोच प्रश्न. चिन्नीला तिथल्या राणीने मुलगी मानलं, तरी तुमचं आपलं, पाप, बिचारी तिची अम्मा. चिन्नीने चालत्या झाडांची भाषा शिकून अख्खं गाव वाचवलं, सगळे तिच्या पाया पडले, तर तुम्ही म्हणता, शाळेत कोणी कळवलं का? पोलिसांत दिलं का? रोज ताट वाढत असेल का ती? मी वैतागून म्हणायचे, अहो, तिथे ती परत जाऊन करणार काय? हजेरीपटावरचं एक नाव व्हायचं पुन्हा? इथे तिची गरज आहे, चार माणसं तिच्यावर जीव टाकतात. राहू दे तिला. तुम्ही म्हणायचात, "राहू दे की. पण मागच्या घरात एकदा कॅमेरा फिरवायला काय होतं?"

मी चिडायचे त्याला कारण होतं. मला वाटायचं, हे सगळं अनघावरून चाललंय. पोर सातासमुद्रापार गेली आणि मी इथे तिच्या रिकाम्या कपाटावर हात फिरवत बसते, ते तुम्ही बघितलं असणार, म्हणून हा टोमणा. मग वाटायचं, नाही, हे माझ्यावरूनच आहे. मीही कऱ्हाडची. एकोणिसाव्या वर्षी लग्न होऊन म्हैसुरात आले. स्थळ बघताना वडिलांना सांगितलं होतं की घरात मराठीच बोलतात, काळजी नको. आणि इथे आल्यावर तुमचं ते मराठी ऐकून मला वाटलं होतं, ही माणसं नक्की बोलतायत तरी काय. एका वाक्यात अर्धे शब्द कानडी. तुमचे पणजोबा-खापरपणजोबा कापड रंगवायला आणि छापायला इकडे आले, त्याला इतक्या पिढ्या झाल्या की परत जायचं कुठे, हेच घरात कोणाला ठाऊक नव्हतं. मी पहिले सहा महिने मुकी होते. तेव्हा मला कोणी परतीची वाट दाखवली असती तर मी पायात चपला न घालता पळाले असते. पुढे नोकरी लागली, माणसं लागली, कानडी तर अशी लागली की आता कऱ्हाडला गेले की तिथली माझ्याकडे बघून हसतात. म्हणून मी चिन्नीच्या बाजूने भांडत होते. मी राहिले, तीही राहील, असं माझं सरळ गणित होतं.

एकदा मी विचारूनच टाकलं. तुम्ही तेव्हा अंथरूण धरलं होतं, टीव्ही तुमच्या खोलीत आणून ठेवला होता. मी चित्र थांबवून म्हटलं, अक्का, हे जे तुम्ही सारखं आईचं काढता, ते मला लावून बोलता का?

तुम्हाला दम लागत होता, तो बसेपर्यंत थांबलात. मग म्हणालात, "तुला नव्हे ग. तुझ्या आईला मी बघितलं, म्हणून."

मला ठाऊक नसलेली गोष्ट होती. लग्नानंतरच्या पहिल्या दसऱ्याला आई म्हैसूर बघायचं निमित्त करून आली होती. ती परत निघाली तेव्हा मला ताप होता, म्हणून स्टँडवर सोडायला तुम्ही गेला होतात. हे मला आठवत होतं. पुढचं तुम्ही सांगितलंत. आई खिडकीपाशी बसली. बस सुटायच्या आधी तिने तुम्हाला जवळ बोलावलं आणि म्हणाली, विमलला झोपताना पेलाभर दूध लागतं, पण ती मागणार नाही. एवढंच. मग समोरच्या सीटकडे बघत बसली ती बस हलेपर्यंत. तुम्ही हात केलात, तिचं लक्ष नव्हतं.

"घरात सगळे तुलाच बघत होते, नवी सून अंता, नवी म्हणून," तुम्ही म्हणालात. "तिला कोण बघितलं? मी बघितलं. अष्टे, एवढंच."

अक्का, तो दुधाचा पेला. मी या घरात आले त्या वर्षीच्या दसऱ्यापासून रोज रात्री ओट्यावर बशीने झाकून ठेवलेला असायचा. कोणी काही बोलायचं नाही. मला वाटायचं, या घरची रीत आहे. तुमच्या रंगारी लोकांत सुनेला रात्री दूध ठेवत असतील, असं मी आपलं धरून चालले होते. कऱ्हाडला गेले की बहिणींना ऐटीत सांगायचे, आमच्यात अशी पद्धत आहे हो, सुनेचा मान असतो. अनघाला तर बजावून ठेवलं होतं की तुझ्या सासरी ही रीत नसेल, रुसू नकोस. तुम्ही पडल्यापासून तो पेला मी ठेवायला लागले होते, तुमच्या उशाशी, रीत मोडू नये म्हणून. आणि रीत बीत काही नव्हतीच. एका बाईने खिडकीतून एक वाक्य सांगितलं होतं आणि दुसरीने ते जन्मभर पाळलं होतं.

त्यावर काहीतरी बोलायला हवं होतं. मी रिमोट उचलला आणि विचारलं, पुढे लावू? तुम्ही म्हणालात, लाव. आणि मग आपण दोघी त्या चालत्या झाडांकडे बघत बसलो. मी ओळी वाचत होते, तुम्ही मत्ते, मत्ते म्हणत होतात. आभार मानायची आपल्यात सवय नाही. तुम्ही ते ऐकूनही घेतलं नसतं, काहीतरी कुजकं बोलून विषय बदलला असतात. तरी आज मानते. नाक मुरडायला तुम्ही नाही, तोवर मानून घेते.

दहाव्याला आम्ही टी. नरसीपूरला गेलो, संगमावर. बायका सहसा जात नाहीत, पण मी म्हटलं, मी येणार, आणि मला अडवायची ताकद कोणात उरली नव्हती. तुमच्या भावाने पिंड ठेवले. ऊन चढत होतं. कावळे पलीकडच्या झाडावर ओळीने बसलेले, एक खाली येईना. मग ते सुरू झालं. हुणसूरचे तुमचे चुलतभाऊ पुढे झाले, हात जोडून म्हणाले, अक्का, तुझं शिलाई मशीन विकणार नाही, निश्चिंत जा. कावळा हलला नाही. तुमचे भाऊ म्हणाले, देवीची ओटी दरवर्षी भरली जाईल. नाही. मग म्हणाले, विमलला मी सांभाळीन. मला जरा बरं वाटलं, पण कावळ्याला काही वाटलं नाही. भटजी घड्याळ बघत दर्भाचा कावळा करायला लागले.

तुमचं कशात अडकलंय ते मला पहिल्या मिनिटापासून माहीत होतं. पण एवढ्या माणसांत कार्टूनचं नाव कसं घेऊ? शेवटी पायऱ्यांवर उभं राहवेना म्हणून म्हणा, बोलून मोकळी झाले. "अक्का, शेवटचा भाग आला की मी मोठ्याने वाचून दाखवीन. चिन्नी घरी पोचली का, ते सांगीन तुम्हाला."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. हुणसूरच्या भावांना वाटलं, आपण दोघी एखादी पोथी लावली होती आणि ती अर्धी राहिली. येताना गाडीत ते माझं कौतुक करत होते. मी खुलासा केला नाही. कावळा आला, हे मात्र खरं. तुम्ही होतात असं मी म्हणणार नाही, त्यालाही भूक लागलेली असणार. पण तो आला, भाताला चोच लावली, आणि तुमच्या भावाने माझ्याकडे असं बघितलं की मला उगाच अवघडल्यासारखं झालं.

तर शब्द दिलाय, आणि भाग येऊन पडलाय, आणि माझ्याने तो लावला जात नाही. लावला की संपणार. मग संध्याकाळी दिवा लावून झाल्यावर मी काय करू, हे मला कोणी सांगितलेलं नाही. अनघा म्हणते, आई, तू इकडे ये, चार महिने राहा. मायेने म्हणते पोर. पण मला आता आणखी एक दुनिया नको. एकदा गेले होते, तेवढं पुरे झालं. आणि इथे कोणीतरी असायला हवं ना, ती आली तर दार उघडायला.

हे झालं परवापर्यंतचं. काल लावला. तुमची खाट काढून टाकली आहे, खुर्ची तेवढी आहे. मी नेहमीच्या जागी बसले, रिमोट हातात घेतला, पहिली ओळ आली, चित्र थांबवलं आणि मोठ्याने वाचली. वाचून थांबले. मत्ते कोणी म्हणालं नाही. पुढची वाचली. सगळा भाग तसाच, ओळीओळीने, रिकाम्या खुर्चीला. घसा बसला माझा.

तर ऐका. उजेडाची भिंत उघडली. मेष्ट्रु म्हणाला, मी इथेच राहतो, मुलांना शिकवीन. बाकीचे तिघेही राहिले. तेवढ्यापुरती मी जिंकले. चिन्नी एकटी निघाली. राणीने तिला जवळ घेतलं, झाडं तिच्या मागे मागे भिंतीपर्यंत आली. ती वर्गात उतरली, डस्टर जागेवर ठेवलं, दप्तर घेतलं. फ्रॉकच्या चुण्या जशाच्या तशा, तुम्ही असतात तर काही खैर नव्हती. रस्ता, पूल, चढाची गल्ली. घर आलं. तिने बेलवर बोट ठेवलं. आणि पडदा काळा झाला. नावं वर जायला लागली.

झालं. एवढंच. दाखवलंच नाही त्यांनी.

मला असा संताप आला की विचारू नका. इतके महिने तुम्ही एकच गोष्ट मागत होतात. दोन चंद्र दाखवले, उलट्या नद्या दाखवल्या, आणि एक बाई दार उघडते तेवढं यांना दाखवता आलं नाही. तुम्हाला मी काय सांगणार होते? पोचली, पण दारातच ठेवली? पांढरी अक्षरं वर सरकत होती, त्यात वाचण्यासारखं काही नव्हतं. मी खुर्चीकडे बघितलं. आणि पुढे वाचायला लागले.

आतून चपलांचा आवाज आला, मी म्हटलं. आईने दार उघडलं. ती किंचाळली नाही की पडली नाही. तिने पोरीला उंबऱ्याबाहेरच थांबवलं, आत गेली, भाकरतुकडा आणि पाणी घेऊन आली, तिच्यावरून ओवाळून टाकलं, डोळ्यांना पाणी लावलं, मग आत घेतलं. घर होतं तसंच होतं. ओट्यावर दुधाचा पेला होता, बशीने झाकलेला. रोज ठेवायची ती. सकाळी नासलेला ओतून द्यायची आणि रात्री पुन्हा ठेवायची. कोणी विचारलं तर सांगायची, आमच्या घरची रीत आहे. तिने पोरीला कुठे होतीस म्हणून विचारलं नाही. एवढंच विचारलं, "ऊट झालं का?"

जेवलीस का, हे तुम्ही दारात येईल त्याला विचारायचात, तेच ते. माझ्या तोंडून तुमच्याच आवाजात निघालं. तेवढं सांगून मी रिमोट खाली ठेवला. नावं संपून पडदा नुसता काळा राहिला होता.

"मत्ते?"

दारात तुमचे भाऊ उभे होते. कधीपासून, कोण जाणे. हातातलं वर्तमानपत्र गुंडाळलेलं होतं. मी म्हटलं, बसा. ते तुमच्या खुर्चीत बसले, आणि मी चिन्नीच्या घरचं पुढचं सांगायला लागले.